सावडीचा तास

जळालेली मोटार घेऊन माणूस दुकानात आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "सकाळपर्यंत बराबर चालू होती."

तीस वर्षं झाली, वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. झाकण उघडलं की जळक्या वार्निशचा वास येतो, आणि त्या वासावरून मला कळतं की ही मोटार आठवडाभर गरम होत होती, आवाज करत होती आणि मालक कानाडोळा करत होता. अशा माणसाला मी सोडत नसे. "आवाज येत होता तवा काय कानात बोळे घातले होते का?" असं भर दुकानात विचारायचो. माझ्या तोंडाला गावात फारसं कुणी लागत नाही.

कांता, म्हणजे माझी बायको, मला म्हणायची, "तुम्ही मोटारी दुरुस्त करता का मानसं?"

त्याच कांताचं पोट दोन महिने फुगत होतं. जेवण दोन घासांवर आलं होतं. ती म्हणाली गॅस आहे, मी ओवा आणून दिला. ती म्हणाली झोप लागत नाही, मी म्हणालो दुपारी झोपू नको. म्हणजे मीही 'सकाळपर्यंत चालू होती'वाल्यांतलाच निघालो.

हे लिहायला मला साळवे सरांनी बसवलं. ते कोण, ते पुढे येईलच. ते म्हणाले, "उत्तमराव, तुम्ही बोलता फार, पण सांगत काहीच नाही. लिहून बघा." तर लिहून बघतो आहे. आजाराची माहिती हवी असेल तर ती डॉक्टरांना विचारा, मला त्यातलं काही कळत नाही. मी नवरा म्हणून काय काय चुकलो, एवढंच मला नीट माहीत आहे.

पेरू

अंबडच्या डॉक्टरांनी जालन्याला सोनोग्राफीला पाठवलं, जालन्यानं संभाजीनगरला पाठवलं. तिथं तपासणीसाठी तुकडा काढला आणि आठ दिवसांनी बोलावलं. गणपती होऊन गेले होते, कापूस फुटायला लागला होता.

डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत घेतलं. त्यांनी कागद समोर ठेवला आणि सावकाश सांगितलं. अंडाशयाचा कॅन्सर आहे, पोटात पसरला आहे, शेवटच्या टप्प्यातला आहे. पूर्ण बरा होणार नाही, पण औषधानं काही काळ आटोक्यात ठेवता येईल. मला फक्त त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास दिसत होता. तो उचलून प्यावा की नाही, तो माझा आहे की त्यांचा, याचाच विचार मी करत होतो.

"त्यांना कोण सांगणार?" बाईंनी विचारलं. "तुम्ही की मी?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "ती ऐकूनच जाईल. मी हात जोडतो."

बाईंनी समोरचा कागद घडी घालून फाइलीत ठेवला. मग म्हणाल्या, "मी होऊन सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

बाहेर आलो तर कांता बाकावर बसून पेरू खात होती. गाड्यावरून मीठ-तिखट लावून आणला होता. कितीतरी दिवसांनी ती काहीतरी चवीनं खात होती.

"काय म्हन्ले डॉक्टर?"

"सूज हाय पोटात. ताकदीचं सलाईन लावावं लागंल. सहा येळा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पेरूचा अर्धा भाग मोडून माझ्या हातात दिला. "घ्या. तुमचं तोंड सुकलंय."

तो पेरू मी खाल्ला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी बारीकसारीक खोटं पुष्कळ बोललो होतो, पण एवढं मोठं पहिल्यांदाच.

कव्हर

खोटं बोलणं सोपं असतं, ते सांभाळणं अवघड. कांता सातवी शिकलेली. दुकानाच्या पाट्या, पेपरातल्या बातम्या, पिशव्यांवरची जाहिरात, जे दिसेल ते वाचत जाणारी बाई. आणि ज्या दवाखान्यात सलाइनी लावायच्या होत्या, त्याच्या पुढच्या गेटावर हातभर अक्षरात लिहिलेलं होतं, ते नको असलेलं नाव.

मी चौकशी केली तर मागच्या बाजूला दुसरं गेट निघालं. तिथं पाटी नव्हती. मग दर वेळी आम्ही एसटीतून उतरायचो, कांता अर्ध्या तिकिटात आल्याच्या खुशीत असायची, आणि मी रिक्षावाल्याला सांगायचो, "मागच्या गेटाला घ्या."

"पुढून का न्हाई?" तिनं एकदा विचारलं.

"पुढं गर्दी असती."

फाइलीवर दवाखान्याचं नाव छापलेलं होतं. तिला मी खाकी कागदाचं कव्हर घातलं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. कांता म्हणाली, "हे कशाला?" मी म्हणालो, "पावसात भिजू नये म्हणून." तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आत भिंतीवर तंबाखू सोडा, गाठ दिसली तर दाखवा, असले फलक होते. मी सांगितलं की मोठ्या दवाखान्यात सगळेच रोग बघतात. केस गळायला लागले तेव्हा औषध गरम पडतं असं सांगितलं. ती प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची. मला वाटायचं, किती भोळी आहे बिचारी.

गावात मी 'पोटात पाणी झालंय' एवढंच सांगितलं होतं. त्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बिस्किटांचे पुडे इतके जमले की आम्ही ते गल्लीतल्या कुत्र्यांना घालायला लागलो. एक बाई खुर्चीवर टेकल्या-टेकल्या म्हणाली, "आमच्या चुलत जावंला बी असंच पाणी झाल्तं. तेराव्याला आम्हीच गेल्तो." मी तिला तिथंच उठवलं आणि दारापर्यंत पोचवलं. कांता माझ्यावरच चिडली. "चहा तर पिऊ द्यायचा व्हता! आधन ठिवलं व्हतं मी."

माझी मुलगी वर्षा अंबडला दिलेली आहे. ती राहायला आली आणि तिनं पहिल्या दिवशीच कव्हर काढून फाइल वाचली. मला गोठ्यामागं नेऊन रडत म्हणाली, "बाबा, आईला सांगा. तिला काही बोलायचं असंल, काही करायचं असंल." मी तिला जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "तू सांगितलं आन् तिला काही झालं, तर ते तुझ्यामुळं." त्यानंतर पोरगी तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. फोन करायची तो आईला. माझा विषय निघाला की बाजूला बसून मला कळायचं, कारण कांता म्हणायची, "जाऊ दे गं, बाप हाय तुझा."

साळवे सर

सलाइनीचा दिवस म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका खुर्चीजवळ दुसऱ्या खुर्चीत बसणं. पेशंटजवळ एकाच माणसाला सोडायचे. मी कांताच्या उशाशी बसून थेंब मोजायचो. जेवायला गेलो नाही, चहाला गेलो नाही. मी उठलो तर काहीतरी होईल असं वाटायचं.

दुसऱ्या वेळी शेजारच्या खुर्चीवर एक बाई होत्या. त्यांच्या नवऱ्यानं घरून छोटा टेबलफॅन आणला होता. तो खर्रखर्र वाजत होता. अर्धा तास सोसलं आणि मग माझा तोल गेला. "अहो, बुश गेलंय त्याचं! लोकांनी झोपावं का न्हाई?"

तो माणूस शांतपणे म्हणाला, "तुमच्या मिसेस झोपल्यात. पंखा तुमच्यापेक्षा कमी आवाज करतोय."

कांता झोपलेली नव्हती. तिनं डोळे मिटूनच हसायला सुरुवात केली.

ते साळवे सर. भोकरदनच्या शाळेत शिकवत होते, नुकतेच रिटायर झालेले. त्यांची बायको शीलाताई अंगणवाडीच्या ताई होत्या. त्यांचाही आजार हाडापर्यंत गेलेला. फरक एवढाच की त्यांच्या फाइलीला कव्हर नव्हतं. रिपोर्ट आला की सर तो मोठ्यानं वाचायचे आणि शीलाताई मध्ये मध्ये शंका विचारायच्या.

मी लाजून पंख्याला तेल दिलं. पंखा गप्प झाला. तेव्हा सरांनी मला विचारलं, "उत्तमराव, शेवटचं कधी जेवलात?"

मला आठवेना. खरंच आठवेना. आदल्या दिवशीची भाकरी की त्याच्याही आधीची.

"तुमच्याकडं सावड करतात ना?" सर म्हणाले.

आमच्याकडं कुणाला सावड शिकवायला लागत नाही. आज मी तुझ्या रानात खुरपायला येतो, उद्या तू माझ्या रानात. मजुरी नाही, उपकार नाही, कामाला काम. कांता तर उन्हाळाभर सावडीनं कुरडया करत फिरायची. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या.

"मग आपण सावड करू," सर म्हणाले. "एक तास तुम्ही शीलाजवळ बसा, एक तास मी कांताताईंजवळ बसतो. एक नियम. त्या तासात जे बोललं जाईल, ते आपण एकमेकांकडं न्यायचं नाही."

"आणि आपल्या तासात करायचं काय?"

"तुमचं तुम्ही बघा. मी समोरच्या बागेत जाऊन रडतो. मग कचोरी खातो."

एवढा पांढऱ्या केसांचा माणूस, आणि चहा पितो म्हणावं तसं रडतो म्हणाला.

पहिल्या तासात मीही बागेत गेलो. सर रडतात म्हणाले तिथंच एका बाकावर बसलो. रडायचा प्रयत्न केला. खोटं वाटेल, पण येईना. मग कचोरी खाल्ली. दोन खाल्ल्या.

माझा तास

शीलाताईंच्या डाव्या हाताला सलाईन असायचं, उजवा हात दुखायचा. त्या नुसत्या पडून ऐकायच्या. पहिल्यांदा मी त्यांना मोटारीविषयी सांगत बसलो. तांब्याची तार, वेढे, कुठला शेतकरी कसा फसवतो. त्यांनी वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, कांताताईंना खरं माहीत आहे?"

"नाही."

"आणि तुम्हाला?"

हा कसला प्रश्न म्हणून मी चिडायला लागलो, आणि चिडता चिडता सगळं बोलून गेलो. पेरू, गेट, कव्हर, वर्षाला बोललो ते. मला काय भीती वाटते तेही बोललो. ती मरणार याची भीती होतीच, पण ती मरेपर्यंत मी तिच्यासमोर तोंड कसं सरळ ठेवू, ही त्याहून मोठी वाटायची. स्वतःच्या बायकोला जे सांगता येत नव्हतं, ते दुसऱ्याच्या बायकोला सांगता आलं. शीलाताईंनी एकदाही 'सगळं चांगलं होईल' म्हटलं नाही. त्या म्हणायच्या, "हं. मग?"

तिकडं कांता आणि सरांचं काय चालायचं कोण जाणे. लांबून बघायचो तर कधी ती हसत असायची, कधी डोळे पुसत. मी नियम पाळला, विचारलं नाही. पण माझ्यात फरक पडत गेला. मी घरी जेवायला लागलो. गिऱ्हाइकावर ओरडणं कमी झालं. एक जण मोटार घेऊन आला, म्हणाला सकाळपर्यंत चालू होती, आणि मी म्हणालो, "बसा. चहा घ्या." तो घाबरून दुसऱ्या दुकानात गेला.

वर्षाला मी स्वतः फोन केला. "चुकलं माझं," एवढंच म्हणालो. तीही एवढंच म्हणाली, "जेवले का?" त्या दिवसांत आम्ही सगळे एकमेकांना जेवणाचंच विचारत होतो.

शेत कुणाचं

सहा सलाइनी झाल्या. स्कॅन झाला. शिमगा होऊन गेला होता, उन्हं तापायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी मला परत एकट्याला आत घेतलं.

आजार थांबला नव्हता, वाढला होता. आता दोन रस्ते होते. एक, जास्त कडक औषध. त्यानं थोडे दिवस वाढतील, न वाढतील, पण त्रास नक्की. दुसरा, सलाइनी थांबवायच्या, वेदना होऊ द्यायची नाही, आणि घरी ठेवायचं. "हे तुम्ही एकट्यानं ठरवू नका," बाई म्हणाल्या. "त्यांना विचारा."

मी तिथल्या तिथं म्हणालो, "कडक औषध सुरू करा."

बाहेर येऊन कांताला सांगितलं, "अजून चार लावायचेत. जरा जास्त ताकदीचे."

मागच्या सलाइनीनंतर ती पाच दिवस उलट्या करत होती. तोंडात फोड आले होते, पाणीसुद्धा चमच्यानं प्यायची. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बरं."

त्या दिवशी शीलाताईंचं सलाईन होतं. सर कांताजवळ बसले, मी शीलाताईंजवळ. त्यांना मी सगळं सांगितलं, आणि वर म्हणालो, "मी हार मानणारा माणूस नाही."

शीलाताई उठून बसल्या. त्यांना असं बसताना त्रास व्हायचा. मी त्यांना पहिल्यांदाच रागावलेलं बघितलं.

"भाऊ, तुम्ही सावडीला दुसऱ्याच्या रानात जाता. तिथं काय पेरायचं ते तुम्ही ठरवता का?"

"नाही. ज्याचं रान तो ठरवतो."

"मग हे रान कुणाचं आहे? उलट्या कुणाला होतात? तुम्ही खपा, घाम गाळा, रात्रंदिवस राबा. पण काय पेरायचं ते तिला विचारा."

मी त्यांच्या पाठीमागं उशी सरकवून दिली.

गेटाजवळ

दुपारी चारला आम्ही मागच्या गेटानं बाहेर पडलो. रिक्षा नव्हती. कांताला मी कट्ट्यावर सावलीत बसवलं. समोर एक पांढरी गाडी उभी होती. मी पिशवी खाली ठेवली, उचलली, परत खाली ठेवली.

"कांता, ती सूज न्हाई."

"हां."

"तुला झालेलं… ते…"

"कॅन्सर हाय," ती म्हणाली. "पोटभर पसरलाय. म्हाईत हाय मला."

मी परत पिशवी उचलली.

"पहिल्या सलाइनीच्या दिवशी तुम्ही औषधं आनायला गेल्ते, तवाच डॉक्टरीनबाईला इच्यारलं मी. तिनं सांगितलं. मीच म्हन्ले, मला कळलंय ते यांना सांगू नका. त्यांचं बीपी हाय, झेपायचं न्हाई त्यांना."

"मंग तू बोलली का न्हाई इतके दिवस?"

"कसं बोलनार? तुम्ही इतकं मन लावून खोटं बोलून राह्यले. फाइलीला कव्हर काय, पावसात भिजती काय…" तिला हसू आवरेना. हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं. ती परत हसायला लागली. "आन् हे गेट! आवं, इतके महिने मला हितून आनून राह्यले. ही समोरची गाडी कशाची हाय ते एकदा तरी बघायचं व्हतं!"

मी बघितलं. गाडीच्या बाजूला लाल अक्षरात लिहिलं होतं: शववाहिका. पाटी वाचता येऊ नये म्हणून मी माझ्या बायकोला ज्या गेटानं आत नेत होतो, त्या गेटानं दवाखान्यातून प्रेतं बाहेर काढत होते. इतक्या फेऱ्यांत माझं लक्ष फक्त ती काय वाचते याच्याकडं होतं. मी स्वतः काहीच वाचलं नव्हतं.

"मला वाटायचं, आत्तापासनं सवय लावून राह्यले काय," कांता म्हणाली.

आणि मग मला रडू आलं. भर रस्त्यावर, चार वाजता, पानटपरीवाल्यासमोर. बागेतल्या बाकावर जे कधी आलं नाही ते सगळं तिथं आलं. कांतानं मला हाताला धरून कट्ट्यावर बसवलं आणि पदरानं माझं तोंड पुसलं.

"रडा," ती म्हणाली. "साळवे सर म्हन्ले व्हते, उत्तमरावांना रडता येत न्हाई, शिकवावं लागंल."

बऱ्याच वेळानं मी तिला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट विचारलं. "तुला काय करायचंय?"

तिनं उत्तर तयारच ठेवलं होतं. "मला ते सलाईन नको. ते मी तुमच्यासाठी घेत व्हते. घरी चला. कुरडयाचे दिवस आलेत."

कुरडया

तीन दिवस गहू भिजत घातले. मी भिजवले, ती बाजेवरून सांगत होती. दळायला, गाळायला गल्लीतल्या बाया आल्या. कांता वीस-पंचवीस वर्षं ज्यांच्या ज्यांच्या गच्चीवर राबली होती त्या सगळ्या आल्या. तेराव्याच्या गोष्टीवाली बाईसुद्धा आली आणि सगळ्यात जास्त राबली. वर्षा आठ दिवस आधीच येऊन राहिली होती. भोकरदनहून जालना, जालन्याहून अंबड असं बस बदलत साळवे सर आणि शीलाताई आले. शीलाताईंना काम करता येत नव्हतं. त्या कांताच्या बाजेवर पाय वर घेऊन बसल्या आणि दोघींनी मिळून आम्हाला हुकूम सोडले.

चीक घाटायचं काम माझ्याकडं आलं. पातेल्यात चाटू फिरवत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. हात भरून आले. अठ्ठावीस वर्षं मी तिच्या हातच्या कुरडया खाल्ल्या, पण चीक घाटताना खांदे असे दुखतात हे मला ठाऊक नव्हतं.

"गुठळ्या होऊन राह्यल्या," कांता ओरडली. "मोटार न्हाई ती! जल्दी हलवा!"

गरम चीक वाटीत घेऊन, तूप-साखर घालून मी तिला दिला. तिनं सात-आठ चमचे खाल्ले. ते बघून वर्षा आत गेली आणि डोळे पुसून बाहेर आली. गच्चीवर पांढऱ्या कुरडया वाळत होत्या, आणि संध्याकाळी कांतानं हट्ट धरून वर जाऊन त्या बघितल्या. खुर्चीत बसवून मी आणि सरांनी तिला जिन्यावरून नेलं.

त्यानंतरचे अडीच महिने आम्ही नवरा-बायको जेवढं बोललो तेवढं आधी कधी बोललो नव्हतो. तिनं कपाटातली लुगडी कुणाला काय द्यायची ते सांगितलं. माझ्या बीपीची गोळी कुठं ठेवते ते दाखवलं. मी परत लग्न केलं तर कुणाशी करू नये, तेही नावानिशी सांगितलं. वेदना होती, पण डॉक्टरीणबाई फोनवर औषध कमी-जास्त करत होत्या. काही दिवस वाईट गेले. ते मी लिहीत नाही.

आषाढात एका सकाळी ती गेली. मी शेजारी होतो, वर्षा होती. तिला काही सांगायचं राहिलं असं मला वाटत नाही. मला मात्र रोज काहीतरी सांगायचं असतं.

फेड

महिनाभर दुकान बंद होतं. मग सरांचा फोन आला. मला वाटलं, धीर द्यायला केला असेल. पण ते म्हणाले, "उत्तमराव, तुमच्याकडं माझी सावड बाकी आहे. शीलाचं गुरुवारी आहे. मला तासभर सुट्टी पाहिजे."

मी गेलो. पुढच्या गेटानं. शीलाताईंजवळ बसलो, डब्यात तळलेल्या कुरडया नेल्या होत्या. त्यांनी एक मोडून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "हं. मग?" मी तासभर बोललो.

तेव्हापासून दर महिन्याला जातो. आता शीलाताईंच्या आजूबाजूच्या खुर्च्यांवरही आमची सावड पसरली आहे. कुणाचा नवरा चहाला जातो, कुणाची सून घरी फोन करायला जाते, आम्ही बसतो. ज्याला बोलायचंय तो बोलतो. पेशंटला सांगावं की नाही, असं मला लोक विचारतात. मी सांगतो, मला माहीत नाही. पण तुम्ही स्वतः कुणाला तरी सांगा, लवकर सांगा.

मागच्या महिन्यात मी मागच्या गेटापाशी चहा पीत होतो. त्या कट्ट्यावर थोडा वेळ बसल्याशिवाय मला परतावंसं वाटत नाही. एक रिक्षा थांबली. तिशी-पस्तिशीचा माणूस उतरला, काखेत फाइल, फाइलीवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, हितून आत जाता येतं का? पुढं बोर्ड हाय. मंडळीला वाचता येतं."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं. मी त्याच्या खांद्यावरून रिक्षात बघितलं. आत त्याची बायको बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेला. ती समोरच्या पांढऱ्या गाडीकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं, नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं, आणि मान हळूच दोनदा हलवली. नका सांगू त्यांना, असं.

कांता तिथं रिक्षात बसून कुणाकुणाला अशी मान हलवत आली असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

"येतं की," मी त्याला म्हणालो. "मीही हितूनच आणायचो." त्याच्या हातातली पिशवी घेतली, त्याच्या बायकोला उतरताना हात दिला, आणि आत चालता चालता त्याला विचारलं, "शेवटचं कधी जेवला व्हता, दादा?"